दीड वीत रुंद, चार बोटं खोल

अलिबागच्या दुकानदाराला खोल डबा म्हणजे काय ते समजावता समजावता माझा घसा बसला. केकचे डबे त्याच्याकडे ढिगानं होते, पण सगळे दोन बोटं उंचीचे. मला त्याच्या दुप्पट खोल हवे होते आणि कडा सरळ उभ्या हव्या होत्या, परातीसारख्या बाहेर कललेल्या नको होत्या. तो म्हणाला, ताई, कशाला एवढा खटाटोप, दोन केक भाजा, मध्ये क्रीम लावा आणि ठेवा एकावर एक, खाणाऱ्याला काय कळतंय.

खाणाऱ्याला नसेल कळत, मला कळतं. नागावला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला येतात, कोणाचा तरी वाढदिवस असतोच, आणि केक मीच करते. एकदा असेच दोन पातळ केक क्रीमनं जोडून ठेवले होते. आमची हवा आम्हालाच माहीत, थंडीतसुद्धा भर दुपारी मिठाला पाणी सुटतं. मेणबत्त्या लावेपर्यंत वरचा केक सावकाश सरकत आला आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या मांडीवर जाऊन बसला. सगळे हसले, मीही हसले आणि आत जाऊन रडले. तेव्हाच ठरवलं की उंच केक करायचा तर तो एका डब्यात, एकसंध भाजायचा. तसा केक आडवा कापून मध्ये जॅम भरला तरी कडा जुळतात, कारण तो मुळात एकच असतो.

आणि या खेपेला तर तीन मजले चढवायचे होते. वन्संचं लग्न होतं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. पहिल्या लग्नानंतर दोन वर्षांतच त्यांचे यजमान आजारानं गेले. मूलबाळ नव्हतं. त्या माहेरी आल्या, पुढे शिकल्या आणि माणगावच्या शाळेत शिकवायला लागल्या. तिथेच खोली घेऊन राहतात आणि सुट्टीला घरी येतात. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्याच शाळेतल्या एका सरांनी त्यांना मागणी घातली. सरांची बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. माणूस अबोल, पण चहा घेतला की कप स्वतः विसळून पालथा घालणारा. मी त्यांना पहिल्याच भेटीत पास केलं. यांनीही केलं. राहिल्या सासूबाई.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातली सुपारी कातरून पूर्ण केली आणि म्हणाल्या, "मी येणार नाही. तुमचं तुम्ही उरका."

कारण विचारलं तर दुसरी सुपारी कातरायला घेतली. आम्ही आपलं धरून चाललो की जुनं वळण, लोक काय म्हणतील हीच भीती, दुसरं काय असणार. त्या स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. सासरे माडावरून पडून गेले तेव्हा वन्सं आणि हे, दोघंही लहान होते. या बाईनं एकटीनं वाडी राखली, शिंपणं केलं, सुपाऱ्या सोलल्या आणि दोन्ही पोरांना शिकवलं. पण कोणाच्या मंगलकार्यात कधी पुढे आल्या नाहीत. माझ्या लग्नातसुद्धा मला दारात ओवाळलं ते चुलतसासूंनी. या मागच्या पडवीत बसून नारळ खोवत होत्या.

वन्सं दिसायला लोण्यासारख्या मऊ, पण आतून कातळ. त्यांनी आम्हाला तेवढ्याच शांतपणे सांगितलं, "आई तिथं उभी नसेल, तर मी सही करणार नाही." लग्न अलिबागला नोंदणीनं व्हायचं होतं आणि मग जेवण आमच्या वाडीत. तारीख ठरली, जेवणाचं ठरलं, आणि या मायलेकी दोन टोकांना हटून बसल्या. सरांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मला दोघींचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. कारण वन्सं बोलल्या म्हणजे बोलल्या. सासूबाई आल्या नाहीत तर त्या खरोखरच कचेरीतून उठून माणगावची एस.टी. धरतील आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शिकवायला लागतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या लग्नासाठी वन्संनी आपण होऊन मागितलेली गोष्ट एकच होती. आमच्या वाडीत एका पाहुण्यांचं लग्न झालं होतं, तेव्हा त्यांनी मुंबईहून आणलेला तीन मजली केक पाहिला होता. मला म्हणाल्या, तसा मला करशील का गं? लाजून म्हणाल्या. या वयाची, दहावीच्या वर्गाला धाकात ठेवणारी बाई लाजून काही मागते तेव्हा नाही कसं म्हणणार? सासूबाईंनी मात्र नाक मुरडलं. या वयात तीन मजले कशाला, छोटा एक करा आणि घरातल्या घरात खा, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ताकाला जाऊन भांडं का लपवायचं? लग्न करतोय, चोरी नाही करत. केक असा उभा करीन की फाटकातून आत येणाऱ्याला आधी तोच दिसेल.

हे पंपाचा सुटा भाग आणायला मुंबईला निघाले होते, त्यांच्यावर डब्यांचं काम टाकलं. तीन डबे आणा, जाड अॅल्युमिनियमचे. काळे नकोत, काळ्यात कडा आधी करपतात. कडा सरळ, तळाला गोलाई नको. खालचा दीड वीत रुंद, मधला एक वीत, वरचा अर्धी वीत, आणि तिन्ही चार बोटं खोल. आमच्या घरात माप असंच असतं. रोपाचा खड्डा दोन हात, भातावर पाणी एक पेर, पापलेट वीतभर. टेप आहे घरात, पण तो सुताराला द्यायला. मी माझी वीत ओव्हनच्या आत लावून नीट बघितली होती. दीड वितीचा डबा बसून भोवती गरम हवा फिरायला जागा उरत होती.

हे संध्याकाळी मोठ्या ऐटीत परतले. डबे बघून मी खरंच खूश झाले. कडा अगदी काटकोनात, पत्रा जाड, टिचकी मारली तर भरीव आवाज. लगेच साबणानं घासले, तेलाचा हात फिरवला आणि चुलीवर तापवून घेतले. मग मोठा डबा ओव्हनमध्ये सारायला गेले तर तो दाराशीच अडला. तिरका केला, उलटा केला, जाळी काढली. छे, आत जायचं नावच नाही.

मी यांना हाक मारली. यांनी डब्यावर पंजा पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत आणि पुढे अर्धी, आणि म्हणाले, बरोबर तर आहे की. बरोबरच होतं. मी माझी वीत सांगितली होती, यांनी यांची लावली होती. जन्मभर कुदळ धरलेला तो हात, त्याच्या वितीत माझी वीत बसून वर दोन बोटं उरतात. यात भांडायचं तरी कोणाशी? तरी मी भांडले. मुंबईच्या दुकानात बायकोचा हात आठवू नये का माणसाला? हे म्हणाले, तुझा हात आठवला असता तर लाटणंही आठवलं असतं, आणि मग मी परतच आलो नसतो. हसू आलं मला, पण दाखवलं नाही.

तेल लावून तापवलेला डबा कोण परत घेणार? लग्न तोंडावर आलेलं. पाववाल्याच्या भट्टीत विचारून बघितलं, तर त्याची भट्टी पावासाठी एवढी तापवलेली असते की माझ्या केकचा बाहेरून कोळसा आणि आतून लापशी झाली असती. सासूबाई पडवीतून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, बघ, देवालाच मंजूर नाही, दोन मजले पुरे झाले.

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आई, देवाला बाकीची कामं आहेत, तो ओव्हनची मापं बघत बसत नाही. तीन म्हणजे तीनच होणार. कसे होणार ते मलाही माहीत नव्हतं, पण म्हणून तर बसले.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आठवलं ते धोंडस. तवशी, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या काकड्या, पिकून पिवळी पडली की सासूबाई दर वर्षी धोंडस करतात. तवसं किसून, रवा आणि गूळ घालून केलेला आमचा जुना केकच तो. खोल टोपात घालायचा, खाली विस्तव, झाकणावर निखारे. त्यांचं धोंडस चार बोटांहून जाड असतं आणि आतून कधी कच्चं निघत नाही. मग माझा डबा का नाही भाजणार? टोप खोल, डबाही खोल. विस्तवाला काय माहीत आत तवसं आहे की अंडी?

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात तीन चिरे मांडले. लोखंडी घमेल्यात समुद्रावरची वाळू भरली, त्यावर डबा ठेवला, वर पत्र्याचं झाकण. करवंट्यांचे निखारे पाडले आणि खाली-वर सारखेच घातले. तासाभरात करपल्याचा वास सुटला. काढून बघितलं तर तळ काळा ठिक्कर आणि मधोमध सुरी घातली तर पीठ वाहून आलं. शेजारच्या कुत्र्यानंसुद्धा वास घेऊन तोंड फिरवलं. सासूबाई दारात उभं राहून बघत होत्या. मग वळून आत गेल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी खचले, खरं सांगते. केक बिघडला म्हणून नव्हे. मला वाटत होतं, हे लग्न मोडणारच आहे आणि मी आपली वेड्यासारखी अंगणात जाळ लावून बसलेय. वन्संचा फोन आला, झालं का गं काही? त्यांना केकचं विचारायचं होतं की आईचं, मला कळलं नाही. मी म्हटलं, होतंय, तुम्ही या फक्त. फोन ठेवला आणि दुसऱ्या केकसाठी साखर दळायला घेतली.

मधला आणि वरचा केक ओव्हनमध्ये छान झाले. सरळ, ताठ, माथा जरा फुगलेला, तो सुरीनं सपाट केला. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा अंगणात गेले. पीठ घोटलं, डब्याला कागद लावला, ओतलं. डबा अर्ध्याहून थोडा वरपर्यंत भरला, कारण खोल डब्यात केकला चढायला भिंत मिळते आणि तो चढतोच. घमेल्यात वाळू घातली, करवंट्या पेटवल्या आणि चिमट्यानं पहिला निखारा उचलला.

"सरक बाजूला," मागून आवाज आला. "पोरीचं लग्न आहे उद्या, होळी नाही."

मी वळले तर सासूबाई पदर खोचून उभ्या. तोवर त्या याला 'तुमचं ते' म्हणत होत्या, नाहीतर 'तो कार्यक्रम'. लग्न हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. काही बोलावं असं फार वाटलं, पण म्हटलं, गप्प बस, तोंड उघडलंस तर बाई परत आत जाईल. मी गुपचूप चिमटा त्यांच्या हातात दिला.

मग मात्र त्यांनी माझी अशी बिनपाण्यानं केली की विचारू नका. समुद्राची वाळू खारी, ती ओल धरून ठेवते, आधी कोरडी भाजून घेतलीस का? नाही. करवंटीचा निखारा रागीट, तो खाली घालतात का कधी? खाली सोडणाचा विस्तव हवा, नारळाच्या सालीचा, मंद धुमसणारा. त्यांनी घमेलं रिकामं केलं, नवी वाळू भाजायला लावली. खाली सोडणं रचली, तीसुद्धा मधोमध नाही, कडेकडेनं. मधला भाग आपोआप भाजतो, तिथं विस्तव दिलास की तळ गेलाच समजायचं. वर झाकणावर मात्र करवंटीचे निखारे पसरले, खालच्यापेक्षा जास्त. इतकी वर्षं मी त्यांचं धोंडस खात आले, पण विस्तव कसा लावतात ते एकदाही विचारलं नव्हतं.

त्या पाटावर बसल्या आणि उठल्या नाहीत. मध्येच झाकणावर हात धरायच्या, एखादा निखारा इकडचा तिकडे करायच्या. मी चहा आणला तर अर्धा पिऊन बाजूला ठेवला. वन्सं माणगावहून आल्या, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मागच्या दारात उभ्या राहिल्या. आई निखारे सारतेय हे त्यांनी पाहिलं. सासूबाईंनीही त्यांना पाहिलं. वन्सं तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

उन्हं कलली तेव्हा सासूबाईंनी झाकण उचलायला सांगितलं. खराट्यातला नवा हीर धुऊन केकच्या पोटात घातला आणि वर काढला. कोरडा. वास असा सुटला होता की पुढच्या खोल्यांतले पाहुणे विचारायला आले. मी डबा पालथा केला, कागद सोलला, आणि काय सांगू, चारी बाजूंनी सारखा, सोनेरी, माझ्या बोटांच्या हिशेबानं पाच बोटं उंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी एकदा गोल फिरून त्याच्याकडे पाहिलं, बरा झालाय म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या. उद्या येणार की नाही, ते काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही तिघांनी विचारायची हिंमत केली नाही.

सकाळी मी उजाडायच्या आत उठले. बांबूच्या काड्या तासून खालच्या केकमध्ये उभ्या खोवल्या, म्हणजे वरच्या मजल्यांचं ओझं काड्यांवर येतं, केकवर नाही. मग मधला, मग वरचा. क्रीम अगदी पातळ लावलं. चढवला, लांब जाऊन पाहिला. उभा होता, कुठेही कललेला नव्हता. निघायची वेळ झाली. वन्सं तयार होऊन पुढच्या खोलीत बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. हे उगाच गाडी पुसत होते. मी सासूबाईंना हाक मारायला मागे गेले तर त्या तिथं नव्हत्या. पडवीत नाही, विहिरीवर नाही. धावत पुढे आले तर बाई गाडीत बसलेल्या, मागच्या सीटवर, खिडकीशी, धुतलेली साडी नेसून. उशीर होतोय म्हणाल्या.

कचेरीत त्या लेकीच्या मागे उभ्या राहिल्या. मागे म्हणजे इतक्या जवळ की वन्संच्या खांद्याला त्यांचा पदर लागत होता. साहेबांनी कागद पुढे सरकवला, सरांनी सही केली, पेन वन्संच्या हातात आलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून आईकडे पाहिलं.

"कर सही," सासूबाई म्हणाल्या.

वाडीत परत आलो तेव्हा माणसं जमलेली होती. केक टेबलावर, माडाच्या सावलीत, आणि फाटकातून आत येणाऱ्याला आधी तोच दिसत होता. सरांच्या मुलीनं त्यावर बोट लावून क्रीम चाटलं आणि वन्संच्या गळ्यात पडली. सुरी सगळ्यात खालच्या मजल्यात घातली तेव्हा आत सगळीकडे सारखा मऊ निघाला. पहिला तुकडा वन्संनी आईला भरवला. सासूबाईंनी सगळ्यांसमोर तोंड उघडलं, खाल्ला आणि रुमालानं तोंड पुसलं. आमची चुलतसासू मागून काहीतरी पुटपुटली, तिच्याकडे मी असं पाहिलं की तिनं पुढची बासुंदी निमूट घेतली.

पंगती उठल्या, पाहुणे पांगले. सासूबाई मागच्या पायरीवर एकट्या बसल्या होत्या, तिथं मी दोन ताटल्यांत केक घेऊन गेले. माझ्या पोटात काही राहत नाही. मी विचारलंच, यायचंच होतं तर मग आधी इतकं का ताणलंत आई, लोकांची एवढी भीती?

"लोकांना कोण भितो?" त्या म्हणाल्या. अंगणातल्या त्या तीन चिऱ्यांकडे बघत होत्या. "हे गेले तेव्हा मला तिशीसुद्धा लागली नव्हती. माझे भाऊ आले, दीर आले, सगळे इथंच बसले होते. वाडीचं काय करायचं, पोरांचं काय करायचं, सगळं बोलले. तुझं काय, असं एकानं विचारलं नाही."

त्यांनी ताटली मांडीवर घेतली, केकचा एक तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"मी नाहीच म्हटलं असतं गं. पण विचारायचं तरी."